मायचं नाव लिहून ठेवा

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने आम्हाला ‘चळवळीतील मातांचे योगदान’ हा विषय दिला आहे. आम्ही काही प्राध्यापक नाही. जालन्याच्या सळईच्या मिलमध्ये भट्टीसमोर उभं राहून आमचं आयुष्य गेलं. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं जे काही शिकलो ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा विषय मोठा असला तरी आम्ही तो आपल्या घरात आणूनच बोलणार आहोत. आज आपण माय आणि आजी यांच्याबद्दल बोलू. ज्या बाईनं आपल्याला जन्म दिला आणि पुढं आपल्या लेकरांनाही मांडीवर वाढवलं, त्या एकाच बाईची ही दोन नावं आहेत. पण तिचं तिसरं, खरं नाव किती जणांना माहीत आहे? तेवढाच आमचा आजचा मुद्दा आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. भोकरदन आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. केळना नदीकाठच्या या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथं उत्खनन केलं, तेव्हा जमिनीखालून दोन हजार वर्षांपूर्वीचं भरभराटीचं नगर निघालं. त्याच काळात तिकडं मध्य प्रदेशात सांची आणि भारहुत इथं स्तूप उभे राहत होते. त्या स्तूपांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनच्या माणसांचीही दानं आहेत. म्हणजे आपल्या या मातीतली माणसं एवढ्या लांबच्या स्तूपाला दगड पुरवत होती. आणि बंधू-भगिनींनो, सांचीच्या त्या शेकडो लेखांत बायांची नावं रग्गड आहेत. भिक्खुणी आहेत, उपासिका आहेत, कुणाची सून आहे, कुणाची बायको आहे. काही ठिकाणी तर ‘अमक्याच्या आईचं दान’ एवढंच कोरलेलं आहे.

आता थेरीगाथा घ्या. बुद्धाच्या संघातल्या स्त्रियांनी आपलं सुखदुःख स्वतःच्या तोंडानं सांगितलं, असा हा ग्रंथ. त्यात एका थेरीला सुमंगलमाता म्हटलं आहे. सुमंगल नावाच्या भिक्खूची आई, म्हणून सुमंगलमाता. तिच्या गाथेत मुसळ आहे, रांधायचं भांडं आहे, निलाजरा नवरा आहे आणि या सगळ्यातून सुटल्याचं समाधान आहे. तिचं दुःख आपल्यापर्यंत पोचलं, पण तिचं स्वतःचं नाव काही पोचलं नाही. आपल्या वस्तीतही तीच रीत आहे. बाई ही कुणाची तरी माय म्हणूनच ओळखली जाते. ती गेल्यावर दशक्रिया न करता आपण पुण्यानुमोदन करतो, जलदान विधी करतो, फोटोला हार घालतो. हे चांगलंच आहे. पण दोन पिढ्यांनंतर त्या फोटोतली बाई कोण, हे सांगायला कुणी उरत नाही.

आता एका बाईची गोष्ट सांगतो. तिनं स्वतःच हे सगळं लिहून ठेवलं. त्या म्हणजे फलटणच्या बेबीताई कांबळे.

बेबीताईंचा जन्म १९२९ साली पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात वीरगाव या गावी, आजोळी झाला. लहानपण आजी-आजोबांच्या घरी गेलं. त्या काळचा महारवाडा, तिथलं दारिद्र्य, अंगात येणारी दैवतं, सासुरवाशिणींचे हाल, हे सगळं त्या पोरीनं डोळ्यांनी पाहिलं. पुढं फलटणला शाळेत गेल्या, तिथं अस्पृश्य म्हणून पोरींना बाजूला बसावं लागलं. चौथीपर्यंत शिकल्या आणि तेराव्या वर्षी लग्न झालं. दहा बाळंतपणं, त्यातली तीन लेकरं गेली. नवरा-बायकोनं आधी द्राक्षं, मग भाजीपाला विकला आणि त्यातून पुढं छोटं किराणा दुकान टाकलं. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची. बेबीताई आधी त्या रद्दीचे कागद वाचायच्या, मग त्यात साखर बांधायच्या. मग ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचू लागल्या. आणि वाचता वाचता, गल्ल्यावर बसल्या बसल्या, वहीत लिहू लागल्या.

ती वही त्यांनी लपवून ठेवली. एक-दोन महिने नाही, वीस वर्षं. घरातल्या पुरुषांना कळलं तर काय म्हणतील, ही भीती. फलटणला स्थायिक झालेल्या मूळच्या अमेरिकन विदुषी मॅक्सीन बर्नसन यांना हे लिखाण कळलं आणि त्यांनी ते छापायला धीर दिला. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावानं पुस्तक झालं. २००८ साली माया पंडित यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि फलटणच्या दुकानातली ती वही जगभर गेली. बेबीताई नुसत्या लिहून थांबल्या नाहीत, फलटणजवळ निंबुरे इथं त्यांनी मागासवर्गीय लेकरांसाठी आश्रमशाळा काढली. २१ एप्रिल २०१२ रोजी त्या गेल्या.

पुस्तकाच्या नावात ‘आमुचं’ का आहे, याचा विचार करा. बेबीताईंनी स्वतःबद्दल थोडकं आणि समाजाबद्दल जास्त लिहिलं. अनुवादिका माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत मात्र त्यांनी एक गोष्ट उघड सांगितली, की आपण नवऱ्याचा मार खाल्ला आहे. पुस्तकात ते आलेलं नाही. बहुतेक बायांच्या वाट्याला तेच होतं, मग माझंच वेगळं काय सांगायचं, असा त्यांचा विचार होता. माता-भगिनींनो, हे ऐकून तुमच्यापैकी कित्येकींच्या माना हलल्या, त्या आम्ही इथून पाहिल्या. पुरुष मंडळींनी खाली पाहू नये. या मुद्द्यावर आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता आमच्या घरातलं सांगतो. वडाची साल पिंपळाला लावायची आमची इच्छा नाही. बेबीताईंनी लिहिलं ते सातारा-पुण्याकडचं, आपला मुलूख निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. आमच्या आजीला तो काळ आठवत होता. आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं. आजी येसकराच्या घरची सून. भाकरी मागून आणायची, मेलेलं ढोर ओढायचं, हे तिनं केलं होतं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. आमच्या गावातून नागपूरला कुणी जाऊ शकलं नाही, कारण गाडीभाड्याला पैसे नव्हते. पुढच्या साली गावातच दीक्षेचा कार्यक्रम झाला. आजीनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि केळनेच्या पाण्यात सोडून आली. त्याच पावसाळ्यात तिचं धाकटं लेकरू गोवरानं गेलं. झालं! गाव म्हणू लागलं, देव कोपला. भावकीतलेही म्हणाले, बाई, अजून वेळ गेली नाही, नवस बोल. आजी एवढंच बोलली, “देव घरात व्हते तव्हाबी माझे दोन गेले व्हते.” आणि पुन्हा कामाला लागली. आम्ही त्रिशरण-पंचशीलावर पुष्कळ भाषणं ऐकली, पण धम्म कशाला म्हणतात हे आम्हाला या एका वाक्यानं शिकवलं. पोटचं लेकरू गेलेलं असताना ती बाई मागं फिरली नाही.

१९७२ चा दुष्काळ इथल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांनी ऐकला तरी असेलच. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे. माय खडी फोडायला जायची. आम्हाला बाभळीच्या फांदीला झोळी बांधून त्यात टाकायची. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. मायच्या उजव्या हाताचं एक बोट हातोड्याखाली आलं, ते शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. नातवंडं विचारायची, आजी हे बोट असं काऊन? ती म्हणायची, “या बोटावरून सडक गेली.” पाझर तलाव असो की सडक, मराठवाड्यातली त्या काळातली कामं पाहताना कोणत्या बायांच्या हातांनी ती झाली, हे लेकरांना सांगत जा.

मग आलं १९७८. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंसारखी माणसं जिवानिशी गेली. आमच्या गावातही रात्री वाईट होत्या. आम्ही आठ वर्षांचे होतो, आम्हाला आठवतं. आजीनं भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढली, लुगड्यात गुंडाळली आणि कणगीत दाण्याखाली ठेवली. स्वतः दारात बसून राहिली. ती तसबीर आजही आमच्या घरात आहे, काचेला एक तडा आहे. त्यानंतर आमचं गाव सुटलं आणि आम्ही जालन्याला या वस्तीत आलो. माय जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची, हंगाम संपला की मोंढ्यात. हमालांनी पोती उचलताना सांडलेलं धान्य झाडायचं, पाखडायचं, खडे काढायचे आणि संध्याकाळी पदरात बांधून आणायचं. आमच्या घरची चूल त्यावर पेटली.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. पुढच्या १४ जानेवारीला आम्ही आजीला तेव्हाच्या औरंगाबादला, विद्यापीठाच्या गेटवर घेऊन गेलो. केवढी गर्दी! आजीला अक्षर येत नव्हतं. आमच्या बहिणीनं तिला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं वाचून दाखवलं. आजीनं विचारलं, “समदं नाव हाय ना? एकबी अक्षर सोडलं नाही ना?” दुसऱ्या साली ती गेली.

आता हा विहार. आज आपण ज्या सावलीत बसलो आहोत, तिथं आधी पत्र्याचं छप्पर होतं. ते कसं आलं? दर शनिवारी महिला मंडळाच्या बाया घरोघर फिरून मूठभर ज्वारी गोळा करायच्या. ज्या घरी रात्रीची भाकर नक्की नव्हती, त्या घरातूनही मूठ यायची. पोतं भरलं की विकायचं. भिंत उभी राहिली तेव्हा दिवसभर मजुरी करून आलेल्या याच बाया रात्री हंड्यांनी भिंतीला पाणी मारायच्या. बाहेर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर देणगीदारांची नावं आहेत. ज्यांनी रोख रक्कम दिली, पावती घेतली, त्यांची नावं असायलाच हवीत, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण मुठीची पावती कुणी फाडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या दगडावर बायांची नावं कोरली गेली. मग आपल्या पाटीखाली आणखी एक पाटी बसायला किती खर्च येईल, याचा समितीनं हिशोब करावा, अशी आमची जाहीर विनंती आहे. (टाळ्या)

बंधू-भगिनींनो, आमच्या मायचं सगळं बोलणं आम्ही दोनशे पानी वहीत उतरवलं आहे. रात्रपाळी करून आलो की ती ज्वारी निवडत बसलेली असायची. आम्ही चहा पीत पीत विचारायचो आणि लिहायचो. आधी म्हणायची, “माझं काय ल्ह्यायचं? म्या काय केलं?” मग एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. आजीचं आयुष्यही पुष्कळसं तिच्याच तोंडून उतरवलं. सासू-सुनेचं भांडणही त्यात आहे आणि सासूच्या आठवणीनं सुनेनं गाळलेली टिपंही आहेत.

त्या वहीत एक पान असंही आहे, की आमच्या बापानं मायवर हात उचलला होता. दारूच्या पायी, आणि कधी दारू नसतानाही. बाप वाईट माणूस नव्हता. मोर्चात पुढं असायचा, जयंतीला निशाण त्याच्या हातात असायचं. घरातलेच काही जण म्हणाले, हे पान फाडून टाक, गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढायची? आम्ही मायलाच विचारलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “राहू दे. पोरींना समजंल.” पान तसंच आहे.

बेबीताईंनी वीस वर्षं वही का लपवली, याचं उत्तर आम्हाला त्या दिवशी मिळालं. बाहेरच्या जुलमावर बोलणं आपल्याला जमतं, त्याला टाळ्याही पडतात. पण बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते माप आपल्या उंबऱ्याच्या आतही लावावं लागतं. मायची आठवण काढायची असेल तर खरी काढावी. तिला नुसती त्यागमूर्ती करून भिंतीवर टांगली, की तिनं काय सोसलं हे विचारायची गरज उरत नाही. आणि जे विचारलं नाही, ते पुढच्या पिढीच्या सुनेच्या वाट्याला पुन्हा येतं.

लिहिणाऱ्या बेबीताई एकट्याच नव्हत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावी १९२३ साली जन्मलेल्या शांताबाई कांबळे १९४२ साली शिक्षिका झाल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. दलित पँथरचे नेते अरुण कांबळे यांच्या त्या आई. २०२३ च्या जानेवारीत, शंभरीच्या उंबरठ्यावर, त्या गेल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी तर आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं टिपत राहिल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. पुढं उर्मिलाताईंनी आपल्या आत्मकथेला ‘आयदान’ नाव दिलं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली सुपं, टोपल्या. त्यांची आई ती विणून लेकरं वाढवत होती. आणि खुद्द बाबासाहेबांनी काय केलं? २७ मे १९३५ ला माता रमाई गेल्या. पाच लेकरांपैकी चार या माउलीनं डोळ्यांदेखत गमावली होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला मोठा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. एवढा मोठा विद्वान, पण घरातल्या बाईचं ऋण त्यांनी छापील अक्षरात मान्य केलं.

म्हणून आमचं सांगणं साधं आहे. १९५६ साली जी पोर दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या वस्तीत अशा किती जणी उरल्या, बोटावर मोजा. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनो, तुमच्या हातात मोबाईल आहे, त्यात आवाज भरता येतो. या सुट्टीत आजीजवळ बसा. तिचं माहेरचं गाव कोणतं, लग्नाआधीचं नाव काय, हे आधी विचारा. किती लेकरं झाली, किती जगली? पहिली मजुरी किती मिळाली? दीक्षा कुठं घेतली, देव कोणत्या पाण्यात सोडले? बहात्तरला काय खाल्लं, अठ्ठ्याहत्तरला रात्र कुठं काढली? आणि सुखाची आठवण कोणती, हेही विचारा. आपण त्यांना दुःखच विचारत बसतो. आमच्या मायनं सुख कोणतं सांगितलं माहीत आहे? साक्षरता वर्गात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तो दिवस. म्हणूनच नातीला ती सांगायची, “नोकरी लागंल न लागंल, पण सही करताना कागद वाचून कर.” ती नात आज नर्स आहे.

अशी प्रत्येक घराची एक वही विहाराच्या कपाटात जमा करावी. २७ मे ला, रमाईच्या स्मृतिदिनी, त्यातली दोन-चार पानं इथं मोठ्यानं वाचावीत. ज्या घरात लिहिता येणारं कुणी नाही, त्यांनी आमच्याकडं यावं. पाळी संपल्यावर आम्ही येऊन लिहून देऊ. शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या प्राध्यापक मंडळींनी दुरुस्त कराव्यात. पण बाईचं बोलणं दुरुस्त करू नये, ते तसंच ठेवावं.

 

जयभीम! नमो बुद्धाय!